क्लाउडवर चालणाऱ्या एआय मेडिकल सॉफ्टवेअरचं लायसन्स: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

तुम्ही दोन-चार जणांनी मिळून एक मॉडेल बनवलंय, डोळ्याच्या पडद्याचा फोटो टाकला की डायबेटिसमुळे पडदा खराब व्हायला लागलाय का ते सांगतं, सगळं क्लाउडवर चालतं, डेमो छान होतो, एका डॉक्टरांनी वापरून बघितलं आणि त्यांनाही आवडलं. मग हॉस्पिटलच्या परचेसवाल्यांचा मेल येतो, सीडीएससीओचं, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचं, लायसन्स पाठवा. इथे बऱ्याच टीम अडकतात, कारण तोपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात हेच असतं की आपण सॉफ्टवेअर बनवतो, मशीन नाही.

तर आधी हे पक्कं करून घ्या. ११ फेब्रुवारी २०२० च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने सगळी वैद्यकीय उपकरणं, त्यात सॉफ्टवेअरही आलं, औषध कायद्याखाली आणली आणि ती १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. नियम मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ चे. कमी जोखमीच्या ए आणि बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून (ए मधली निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी उपकरणं सोडून, त्यांना फक्त रजिस्ट्रेशन) आणि जास्त जोखमीच्या सी आणि डी वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून लायसन्स सक्तीचं झालंय. म्हणजे बी, सी किंवा डी असेल तर नुसतं रजिस्ट्रेशन करून ठेवलंय, बघू पुढे, असं आता चालत नाही.

मी या सगळ्यातून गेलोय, पुण्यात छोट्या टीमसोबत. खाली जे लिहितोय ते पडद्याच्या फोटोचं उदाहरण धरून लिहितोय, पण छातीचा एक्स-रे, ईसीजी, काहीही असलं तरी रस्ता साधारण हाच.

१. कोडच्या आधी एक वाक्य लिहा

हे वाक्य म्हणजे इंटेंडेड यूज. तुमचं सॉफ्टवेअर कशासाठी, कोणासाठी, कोण वापरणार, कुठे, आणि त्याचं उत्तर घेऊन पुढे कोण काय करणार. वर्ग, टेस्टिंग, ट्रायल, लेबल, सगळं याच वाक्यावरून ठरतं, म्हणून यावर आठवडा गेला तरी जाऊ द्या.

वाईट वाक्य असं असतं: आमचं एआय डोळ्यांचे सगळे आजार अचूक ओळखतं. यात आजार कोणते माहीत नाही, अचूक म्हणजे किती माहीत नाही, आणि हे सिद्ध करायचं म्हटलं तर आयुष्य जाईल.

चांगलं वाक्य साधारण असं: डायबेटिस असलेल्या १८ वर्षांवरच्या व्यक्तींचे, ठरलेल्या मॉडेलच्या फंडस कॅमेऱ्याने (पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा) काढलेले फोटो तपासून, मध्यम किंवा त्याहून पुढची रेटिनोपॅथी (डायबेटिसमुळे पडदा खराब होणं) असण्याची शक्यता आहे का आणि म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावं का एवढं हे सॉफ्टवेअर सुचवतं, वापरणारे प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी, निदान डॉक्टर करतात, गरोदरपणात किंवा आधी लेझर झालेल्या डोळ्यांसाठी वापरू नये.

लांब आहे, पण प्रत्येक तुकड्याला काम आहे. कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलं म्हणून त्याच कॅमेऱ्याच्या फोटोंवर टेस्टिंग पुरतं. वय लिहिलं म्हणून मुलांचा डेटा लागत नाही. वापरू नये ते लिहिलं म्हणून त्याची वॉर्निंग स्क्रीनवर टाकावी लागते.

सापळा: फाइलमध्ये हे वाक्य नीट, आणि वेबसाइटवर मार्केटिंगवाल्याने लिहिलंय काचबिंदूही पकडतो. दावा कुठेही केला तरी तो दावाच असतो. वेबसाइट, ब्रोशर, लिंक्डइनच्या पोस्ट, सगळं या वाक्याशी जुळवून घ्या.

२. वर्ग ठरवा

भारतात चार वर्ग, ए सगळ्यात कमी जोखमीचा आणि डी सगळ्यात जास्त. सीडीएससीओने सप्टेंबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअरची वेगळी यादी काढलीय, त्यात आपल्या वाक्याच्या सगळ्यात जवळचं नाव शोधा. विचार करायची पद्धत सोपी आहे, दोन प्रश्न: आजार किती गंभीर, आणि सॉफ्टवेअरच्या उत्तरावर माणूस किती विसंबून राहतो. नुसती माहिती देतंय, की उपचाराची दिशा ठरवतंय, की स्वतःच निदान करतंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये सीडीएससीओने मेडिकल सॉफ्टवेअरसाठी गाइडन्सचा ड्राफ्टही काढला, तो वाचाच, भाषा बरीच स्पष्ट आहे.

बी, किंवा लायसन्स लागणारा ए असेल तर राज्याकडे जायचं, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र एफडीए (अन्न व औषध प्रशासन). अर्ज एमडी-३, लायसन्स एमडी-५. सी आणि डी असेल तर दिल्लीला सीडीएससीओकडे, अर्ज एमडी-७, लायसन्स एमडी-९.

सापळा, आणि हा जवळजवळ प्रत्येक नवीन टीमला लागतो: सॉफ्टवेअरच्या आयईसी ६२३०४ स्टँडर्डमध्येही ए, बी, सी असे वर्ग आहेत. त्यांचा आणि सरकारी ए, बी, सी, डी चा काही संबंध नाही. तिथला वर्ग सॉफ्टवेअर बिघडलं तर किती इजा होऊ शकते यावरून ठरतो. डेव्हलपर मीटिंगमध्ये म्हणतो आपण क्लास बी, रेग्युलेटरीवाली म्हणते क्लास सी, आणि दोघंही बरोबर असतात. कागदावर प्रत्येक वेळी कुठला वर्ग ते पूर्ण लिहा.

३. क्यूएमएस (क्वालिटी मॅनेजमेंट सिस्टिम) आजपासून, शेवटी नाही

नियमांच्या पाचव्या शेड्यूलमध्ये क्वालिटी सिस्टिम आहे, ती आयएसओ १३४८५ च्याच वळणाची. त्यासोबत जोखमीसाठी आयएसओ १४९७१, सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४, वापरणाऱ्याच्या चुका होऊ नयेत म्हणून आयईसी ६२३६६. ही चार नीट धरलीत तर बाकीचं त्यांच्या मागे येतं.

खूप जण म्हणतात आधी प्रॉडक्ट होऊ दे मग कागद करू. नका करू असं. मागच्या तारखेने बनवलेला रिस्क रिपोर्ट ऑडिटरला पहिल्या दहा मिनिटांत कळतो, गिटमधली कमिटची तारीख आणि रिपोर्टची तारीख शेजारी ठेवली की झालं. रिक्वायरमेंटला नंबर द्या, टेस्टला तोच नंबर जोडा, बग आला तर तो कुठल्या रिक्वायरमेंटचा ते लिहा. तुमचं नेहमीचं तिकीट टूल यासाठी पुरतं, वेगळं महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. फक्त एक, क्वालिटीच्या कामासाठी जे टूल वापरता ते तुमच्या कामाला नीट चालतं का हे तपासल्याची नोंद ठेवावी लागते, अगदी स्प्रेडशीट असली तरी.

ओपन सोर्स लायब्ररींची पूर्ण यादी, व्हर्जनसकट, तीही पहिल्या दिवसापासून ठेवा. पायथॉनच्या प्रोजेक्टमध्ये ही यादी बघता बघता शेकड्यात जाते आणि नंतर शोधत बसणं फार त्रासाचं.

४. डेटा: कुठून आला, कोणाचा, आणि कशात मिसळला

आपल्याकडे एक चांगली गोष्ट आहे. आयडीआरआयडी नावाचा पडद्याच्या फोटोंचा खुला डेटासेट नांदेडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काढलेल्या फोटोंवरून तयार झालाय, ५१६ फोटो, खुणा केलेले, २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो वापरला गेला. मराठवाड्यातल्या पेशंटच्या फोटोंवर जगभरचे लोक शिकतात ही मला खरंच अभिमानाची गोष्ट वाटते. पण तुमच्या लायसन्ससाठी एवढ्यावर भागत नाही, एकच ठिकाण, एकच कॅमेरा. शिकायला उत्तम, सिद्ध करायला अपुरा.

डेटात या गोष्टी बघा:

- प्रत्येक डेटासेटची परवानगी वाचा. स्पर्धेसाठी दिलेला डेटा धंद्यासाठी वापरता येईलच असं नाही.
- एकाच पेशंटचा डावा डोळा ट्रेनिंगमध्ये आणि उजवा टेस्टमध्ये, असं झालं की आकडे फुगतात. वाटणी फोटोवर नाही, पेशंटवर करा, आणि जमलं तर एक पूर्ण हॉस्पिटल टेस्टसाठी बाजूला ठेवा.
- फाइलमधून नाव काढलं म्हणजे नाव गेलं असं नाही. काही मशीन फोटोच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख पिक्सेलमध्येच छापतात, सोनोग्राफीत तर हे सर्रास. मेटाडेटा साफ केला तरी चित्रात पांढऱ्या अक्षरांत नाव तसंच बसलेलं असतं. प्रत्येक मशीनचे फोटो डोळ्यांनी उघडून बघा, कोपरे काळे करणारं स्क्रिप्ट लावा आणि नंतर परत डोळ्यांनीच तपासा.
- मॉडेल आजार शिकतंय की हॉस्पिटल शिकतंय? अमेरिकेत छातीच्या एक्स-रेवर झालेल्या २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल फोटो कुठल्या हॉस्पिटलचा आहे हेही ओळखत होतं आणि त्याचा फायदा घेत होतं, बाहेरच्या हॉस्पिटलात गेल्यावर त्याची कामगिरी घसरली. गंभीर पेशंट ज्या मशीनवर जास्त येतात त्या मशीनचीच खूण मॉडेल पकडतं.

एथिक्स कमिटीची मंजुरी जुन्या, साठवलेल्या डेटालाही लागते. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, कमिटीपुढे जाताना त्याच भाषेत प्रपोजल लिहिलं तर प्रश्न कमी येतात. आणि लोकांच्या खाजगी डेटाच्या संरक्षणाचा डीपीडीपी कायदा २०२३ चा आहेच, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, संमतीचा कागद आत्ताच त्याप्रमाणे करून घ्या, मराठीत, पेशंटला वाचून कळेल असा.

५. क्लाउड: तुमच्या डिव्हाइसचाच भाग

डेटा भारतातच ठेवा, वाद नको. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टचं एक तर पुण्यातच आहे, त्यामुळे अडचण काही नाही. सरकारी हॉस्पिटलला विकायचं असेल तर केंद्राच्या आयटी मंत्रालयाच्या पॅनेलवरचाच क्लाउड मागतात.

सापळा: क्लाउड कंपनीचं आयएसओ २७००१ (माहितीच्या सुरक्षेचं) सर्टिफिकेट फाइलला लावलं की सिक्युरिटी झाली असं वाटणं. ते सर्टिफिकेट त्यांच्या डेटा सेंटरचं आहे. स्टोरेज पब्लिक ठेवलं, पासवर्ड कोडमध्ये राहिला, लॉग बंद होते, हे सगळं तुमच्या गळ्यात. क्लाउड कंपनीला तुमच्या सप्लायरच्या यादीत टाका, त्यांचं काय आणि तुमचं काय हे एका पानावर लिहा. सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणारी केंद्राची संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. रात्री दोनला काही झालं तर कोण कळवणार त्याचं नाव आत्ता ठरवा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात नेट जातं, लाइट जाते, आणि फोटो काही एमबीचा असतो. गुगलच्या टीमने थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत पडद्याच्या फोटोंचं एआय वापरून बघितलं, २०२० मध्ये त्यांनी ते मोकळेपणाने मांडलं, पाचातल्या एकाहून जास्त फोटो सिस्टिमने क्वालिटी बरोबर नाही म्हणून नाकारले, आणि अपलोड हळू झाल्याने रांगा लांबल्या. लॅबमध्ये मॉडेल उत्तम होतं. खोलीतला उजेड आणि नेट, इथे गाडी अडली.

म्हणून रिस्क फाइलमध्ये मॉडेल चुकलं एवढंच लिहू नका. हा प्रसंग लिहा: सिस्टरने कमलाबाईंचा फोटो अपलोड केला, नेट गेलं, स्क्रीनवर आधीच्या पेशंटचं हिरव्या चौकटीतलं "पाठवायची गरज नाही" तसंच राहिलं, सिस्टरला वाटलं हेच उत्तर, बाई घरी गेल्या. मॉडेलने काहीच चूक केली नाही आणि तरी एका बाईची नजर जाऊ शकते. यावरचे उपाय साधे आहेत: नवीन पेशंट उघडला की जुनं उत्तर लगेच पुसायचं, उत्तर आलं नाही तर राखाडी पट्टीवर मोठ्या अक्षरात "उत्तर आलेलं नाही, पेशंटला थांबवा", उत्तरासोबत पेशंटचं नाव आणि फोटोची वेळ, आणि ठराविक वेळात उत्तर नाही आलं तर फोटो रांगेत ठेवून पेशंटचा फोन नंबर असलेली यादी. फोटो खराब असेल तर तिसरं उत्तर द्या, परत काढा, आणि दोनदा खराब आला तर डॉक्टरांकडेच पाठवा. उत्तर नाही हे कधीही नॉर्मलसारखं दिसता कामा नये. तुमच्या फाइलमध्ये हे पान नीट असेल तर ऑडिटरला कळतं की टीम आरोग्य केंद्रात जाऊन आलीय.

६. टेस्ट लायसन्स आणि क्लिनिकल पुरावा

विकण्याआधी टेस्टिंगसाठी, ट्रायलसाठी किंवा डेमोसाठी बनवायलाही परवानगी लागते, अर्ज एमडी-१२, परवानगी एमडी-१३. ही दिल्लीहून मिळते, वर्ग कुठलाही असो. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि पायलट सुरू होऊन जातो.

तुमच्यासारखं सॉफ्टवेअर आधी भारतात मंजूर झालेलं असेल तर त्याच्याशी तुलना करून पुरावा देता येतो. नसेल तर क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन, म्हणजे पेशंटवर रीतसर अभ्यास, त्याची परवानगी एमडी-२२ ने मागायची, सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही) नोंद करायची, आणि शेवटी नवीन डिव्हाइस म्हणून एमडी-२६. वेळ आणि पैसा दोन्ही वाढतात, म्हणून परत पहिल्या वाक्याकडे जा आणि ते उगाच मोठं केलेलं नाही ना ते बघा.

आकडे अभ्यासाच्या आधी ठरवा, नंतर नाही. अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये मंजूर झालेल्या आयडीएक्स-डीआर या पडद्याच्याच एआयचं उदाहरण घ्या, १० साध्या दवाखान्यांत ९०० लोकांवर तपासलं, सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांतले किती पकडले) ८७.२ टक्के आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांतले किती बरोबर सोडले) ९०.७ टक्के आली, आणि किती यायला हवी ते आधीच लिहून ठेवलेलं होतं.

डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना हे आकडे माणसांत सांगा. समजा १००० लोक तपासले, त्यातल्या १०० जणांना आजार आहे, दोन्ही आकडे ९० टक्के. मग ९० सापडले, १० सुटले, आणि ज्यांना काही नाही अशा ९०० मधले ९० उगाच पाठवले गेले. म्हणजे तालुक्याच्या डोळ्यांच्या ओपीडीत १८० जण येणार आणि निम्म्यांना काही नसणार. तिथे एकच डॉक्टर असेल तर हे आधी बोलून घ्या.

७. अर्जाची फाइल

अर्ज ऑनलाइनच. आधी सीडीएससीओचं मेडिकल डिव्हाइसचं पोर्टल होतं, २०२४ पासून बरेच फॉर्म नॅशनल सिंगल विंडोवर गेलेत, म्हणून भरण्याच्या दिवशी परत तपासा. हे तयार ठेवा:

- कंपनीचे कागद, आणि जागेचा मालकीचा किंवा भाड्याचा करार
- प्लँट मास्टर फाइल: उत्पादनाच्या जागेची आणि कामाच्या पद्धतीची माहिती
- डिव्हाइस मास्टर फाइल: इंटेंडेड यूज, आर्किटेक्चर, रिस्क फाइल, व्हेरिफिकेशन-व्हॅलिडेशन, डेटासेटचं वर्णन, क्लिनिकल पुरावा, सायबर सिक्युरिटी, लेबल, वापराची माहिती
- इसेन्शियल प्रिन्सिपल्सची, म्हणजे सुरक्षितता आणि कामगिरीच्या मूलभूत तत्त्वांची चेकलिस्ट
- पाचव्या शेड्यूलचं पालन करतो असं हमीपत्र
- तांत्रिक माणसांची डिग्री आणि अनुभवाची पत्रं
- आयएसओ १३४८५ सर्टिफिकेट असेल तर तेही
- फी भरल्याची पावती

२०१७ च्या नियमांतली फी ए-बी साठी जागेचे ५००० आणि प्रत्येक डिव्हाइसचे ५०० रुपये, सी-डी साठी जागेचे ५०,००० आणि डिव्हाइसचे १००० रुपये. खरा खर्च फीचा नाही, माणसांच्या वेळेचा आणि टेस्टिंगचा.

सापळा जागेचा: सॉफ्टवेअर असलं तरी उत्पादनाची जागा दाखवावी लागते. को-वर्किंगमध्ये बसत असाल तर करारात तुमच्या कंपनीचं नाव, ठराविक खोली आणि तिथे हेच काम चालतं हे स्पष्ट हवं. महिन्याच्या पासवर काम होत नाही. प्लँट मास्टर फाइलमध्ये मशीनच्या जागी कोण कोड मर्ज करू शकतं, बिल्ड कुठे होतो, रिलीजवर सही कोणाची, हे लिहा.

८. ऑडिट

बी वर्गात लायसन्सआधी नोटिफाइड बॉडीचं (ऑडिटसाठी सीडीएससीओकडे नोंदलेली संस्था) ऑडिट असतं, सी-डी साठी सरकारी अधिकारी येतात. मला विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न हा होता: या क्षणी अमुक हॉस्पिटलात कुठलं व्हर्जन चालू आहे ते दाखवा. सॉफ्टवेअरचं आणि मॉडेलचं दोन्ही. हे एका मिनिटात दाखवता आलं पाहिजे. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही, बघून सांगतो, असं सरळ सांगा, आणि जे लिहिलंय तेच करता हे नोंदींनी दाखवा.

९. मॉडेल बदललं की काय

नवीन डेटा आला, मॉडेल परत ट्रेन केलं, शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय केलं, असं ॲपमध्ये चालतं. इथे मंजूर झालेलं व्हर्जन बंद कुलपात ठेवायचं. सहाव्या शेड्यूलमध्ये मोठे आणि छोटे बदल वेगळे दिलेत. वापराचा हेतू किंवा कामगिरी बदलणारा बदल मोठा, त्याला आधी मंजुरी. बटणाचा रंग एक गोष्ट, थ्रेशोल्ड (मॉडेलचा आकडा कितीच्या वर गेला की पाठवा म्हणायचं ती सीमा) ०.५ वरून ०.४ वर आणणं पूर्ण वेगळी, कोडमध्ये एक ओळ असली तरी.

माझ्याकडे बदलाचं एक पान ठरलेलं असतं: काय बदललं, का, ट्रेनिंगमध्ये कुठला डेटा वाढला, बाजूला ठेवलेल्या त्याच टेस्ट सेटवर जुनं आणि नवं शेजारी, कॅमेऱ्यानुसार आणि वयानुसार वेगळे आकडे, नवीन जोखीम कुठली, मागे कसं जायचं, सही. एकूण आकडा सुधारला आणि एका कॅमेऱ्यावर घसरला असं होतं, म्हणून वेगळे आकडे हवेतच. आणि क्लाउडवर लायब्ररीचं ऑटो अपडेट बंद करा, नाहीतर तुम्ही हात न लावता डिव्हाइस बदललेलं असतं.

बाहेर विकायचा विचार असेल तर अमेरिकेच्या एफडीएची पद्धत बघून ठेवा, पुढे कुठले बदल कसे करणार याचा आराखडा आधीच मंजूर करून घेता येतो, त्याचं अंतिम गाइडन्स डिसेंबर २०२४ मध्ये आलंय.

१०. लायसन्स मिळाल्यावर

लायसन्सला शेवटची तारीख नसते, पण दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे लायसन्स चालू ठेवायची फी, भरायची असते. गंभीर, अनपेक्षित घटना झाली तर १५ दिवसांत लायसन्स देणाऱ्यांना कळवायचं, आणि गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रामकडेही (उपकरणांमुळे झालेल्या अपायांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम) रिपोर्ट करायचा. सॉफ्टवेअरला खोका नसल्याने लेबल कुठे असा प्रश्न येतो, लॉगिन स्क्रीन किंवा माहितीच्या पानावर उत्पादकाचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर आणि व्हर्जन टाका.

दर महिन्याला प्रत्येक केंद्राचे तीन आकडे काढा: किती फोटो नाकारले, किती पाठवले, किती उत्तरं उशिरा गेली. एखाद्या केंद्रात नाकारलेले फोटो एकदम वाढले तर आधी तिथल्या सिस्टरना फोन करा, लेन्सवर धूळ, खोलीचा पडदा काढलेला, नवीन माणूस आलेला, असं काहीतरी असतं. तो फोन, त्याची तारीख आणि काय सापडलं ते तक्रारींच्या रजिस्टरमध्ये लिहा, पुढच्या ऑडिटला तेच रजिस्टर आधी मागतात.